फलकावर न उतरलेली नावं

फलकावर सत्तावीस नावं होती. हवी होती एक्केचाळीस. न आलेली चौदाच्या चौदा एकाच तालमीची होती, म्हणून त्या तालमीचा राजवीर सकाळीच उचगावातल्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात येऊन उभा राहिला.

फलक गावातले पुढारी हंबीररावांच्या वाढदिवसाचा. खाली बारीक अक्षरात शुभेच्छुक. आमच्याकडं फोटो लहान आला तरी माणूस खपवून घेतो, नाव सुटलेलं खपवून घेत नाही.

"विजयसिंहकाका, आमच्याच तालमीची पोरं बरी दिसली न्हाईत तुमास्नी?" राजवीर म्हणाला. "कुणी सांगितलं गाळायला?"

काकांनी सबिनाकडं पाहिलं. टायपिंग तिच्याकडं असतं.

"फोनवर सांगितली तशी सगळी टाईप केल्ती मी," ती म्हणाली.

"मग दाव की," राजवीर म्हणाला.

दाखवायला काही नव्हतं. नावं टाईप करायचा एडिटर तिनं फाईल सेव्ह न करताच बंद केला होता.

"दुकानात राजकारण करणारं माणूस मला नको," काका म्हणाले. "आज उलगडा न्हाय झाला, तर उद्यापासनं येऊ नगंस."

मी काकांची पुतणी. भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं, आता दुकानात डिझाइन बघते. सबिना खोटं बोलत नाही असं मला वाटत होतं, पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे.

"काल केलंस तसंच्या तसं कर," मी तिला म्हटलं.

तिनं एडिटरमध्ये एक नाव टाईप केलं, कॉपी केलं, एडिटर बंद केला, मग फलकाची फाईल उघडून पेस्ट केलं. दुकानाचा नियमच तसा. जुना संगणक दोन कामं एकदम चालवली की अडकायचा, म्हणून काका बजावायचे, पहिलं झाका, मग दुसरं उघडा. परवा नवा संगणक आला, लिनक्सवाला. नियम जुनाच राहिला.

नाव उतरलं नाही. पंधरा फुटी फलक स्क्रीनवर वीतभर दिसतो, तळातली नावं मुंग्यांएवढी. काल तिला कळलं नाही ते त्यामुळं.

"हिनंच काय तरी दाबलं आसंल," राजवीर म्हणाला.

"मग तू बस," मी त्याला म्हटलं.

त्यानं एका बोटानं स्वतःचं नाव टाईप केलं. कॉपी, बंद, पेस्ट. काही नाही. पुन्हा केलं. काही नाही.

"ह्या मशीनचं बी आमच्या तालमीशी वाकडं दिसतंय."

सबिना हसली. काका हसले नाहीत.

"आता एडिटर उघडा ठेवून कर," मी म्हटलं. नाव उतरलं.

"जुन्या संगणकासारखं नाही, ह्या लिनक्सवर कॉपी केलं तरी मजकूर एडिटरकडंच असतो," मी सांगितलं. "पेस्ट करताना तो एडिटरकडं मागितला जातो. एडिटर बंद झाला की मागायचं कुणाकडं?"

"मग पयली सत्तावीस कशी आली?" काकांनी विचारलं.

"हंबीररावांचा माणूस शेजारी बसून नावं तपासत हुता," सबिना म्हणाली. "एडिटर उघडाच ऱ्हायला. तालमीची नावं तो गेल्यावर फोनवर आली."



"म्हंजे माझाच नियम आडवा आला," काका म्हणाले. "सबिना, बस जाग्यावर. फलक नव्यानं काढ. राजवीर, चा घिऊन जा."

नियम मात्र ते सोडेनात. मग मी क्लिपबोर्ड मॅनेजर बसवला. कॉपी केलेलं तो लगेच स्वतःकडं घेऊन ठेवतो. सबिनानं वीस वेळा कॉपी केलं, प्रत्येक वेळी एडिटर बंद केला आणि मग पेस्ट केलं.

वीसपैकी वीस वेळा मजकूर उतरला.