साहेबाचा दगड

"अगं बाई, किती गार पडलाय हा!" दगडावर बोटं टेकवत इस्त्रीवाली मावशी म्हणाली आणि तिने उष्णतेचं बटण आणखी पुढे सरकवलं.

काचेच्या पेटीत विजेवर तापणारा हा दगड होता आणि लेकीचा सरडा. नाव साहेब, कारण दिवसभर दगडावर बसून नुसता बघत राहायचा, काम शून्य. सरड्याला अंगची ऊब नसते, पोट शेकल्याशिवाय खाल्लेलं पचत नाही, हे सगळं लेकीने परगावी जाताना पढवलं होतं. "आई, दगडाला रोज हात लावून बघ. कोमटच हवा. साहेबाला काही झालं तर बोलणार नाही हं मी तुझ्याशी!"

आता हात लावून बघायला मावशीला कोण शिकवणार? तिचा जन्म इस्त्रीपुढे गेलेला. ओलं बोट तळाला टेकवलं की रेशमाला किती ऊब चालेल नि जाड सुताला किती, तिला लगेच कळायचं.

पण साहेब काही केल्या दगडावर बसेना. पाण्याच्या वाटीत पाय टाकून, आ वासून पडून राहायचा. समोर किडे सोडले तरी ढुंकून बघायचा नाही. "थंडी भरली असेल मेल्याला," म्हणत मावशी रोज बटण पुढे ढकलायची. पोर आल्यावर काय म्हणेल, या धास्तीने तिला घास गिळवेना.

शेवटी तिने त्याला उचललं आणि दगडावर दाबून धरलं. "बस की रे, शेकून घे जरा!" साहेब जिवाच्या आकांताने तडफडला आणि निसटला. काहीतरी जळाल्याचा वास आला. मावशीने चटकन वळून इस्त्रीकडे पाहिलं. इस्त्री तर बंद होती.

लेक नेमकी तेव्हाच दारात उभी. धावत आली, पेटीत हात घातला आणि किंचाळून मागे घेतला. "आई गं! निखारा झालाय दगडाचा! तुला कळलं नाही?"

"गारच तर आहे," मावशीने दगडावर हात ठेवला. तो तिथेच राहिला.

लेकीने तो ओढून उलटा केला. बोटांवर फोड होते, काही ताजे, काही फुटून वाळलेले. लेकीने विचारलं, "शुगरच्या गोळ्या कधी सोडल्यास?"

"दुखत नव्हतं गं काही," मावशी म्हणाली.

साहेबाच्या पोटाला मलम लागलं. तो वाचेल, असं जनावरांचे डॉक्टर म्हणाले. मावशीच्या डॉक्टरांनी मात्र बोटं पाहून सांगितलं, साखरेने गेलेली त्यांची जाण परत येणं कठीण आहे.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक रेशमी सदरा ठेवून गेलं. मावशीने इस्त्री तापवली, सवयीने बोट ओलं केलं आणि तसंच धरून उभी राहिली. मग तिने लेकीला हाक मारली.

"ये गं जरा. हात लावून बघ."