गळालेला फर्मा

आमची बैठक महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी चारला, बाइंडरच्या दुकानामागच्या खोलीत भरते. खळीचा वास, कोपऱ्यात दाबयंत्र आणि आम्ही चौघं: बाइंडर, नर्सबाई, निवृत्त बसड्रायव्हर आणि मी. महिनाभरात जे वाचलं ते एकेकानं सांगायचं. अद्भुत कादंबऱ्या आणि थरारकथा, दुसरं काही नाही. नियम एकच, शेवट सांगायचा नाही. ज्याला हवा त्यानं पुस्तक घरी न्यावं.

मी छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासली, म्हणून इथे मी सगळ्यांची हेडबाई आणि माझा शब्द प्रमाण. ड्रायव्हर म्हणतो, "हेडबाई म्हणाल्या म्हणजे छापलेलंच असणार."

ते छापलेलं मला दोन वर्षं दिसत नव्हतं. नजरेच्या मधोमध राखाडी डाग बसला होता. ओळीची टोकं दिसायची, मधले शब्द गायब. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार. घरी मुलाला ठाऊक होतं, पण बैठकीत माझी जीभ उचलेना. उलटे जुळवलेले छपाईचे खिळे सरळ वाचणारी बाई मी. कोणत्या तोंडानं सांगणार?

मुलाकडून पहिली वीसेक पानं वाचून घ्यायची आणि पुढचं रचायचं, असं मी सुरू केलं. जड गेलं नाही. लहानपणी ताई भांडी घासायची, मी विसळायची, आणि घासता घासता ती गोष्ट सांगायची. तिच्या एका गोष्टीत काचेच्या हातांची नावाडीण होती. वल्हं मारताना तिच्या बोटांमधून पाण्यातले मासे दिसायचे. ताईला जाऊन एकवीस वर्षं झाली. ती नावाडीण मी एका नव्या कादंबरीत घुसवली. सगळे श्वास रोखून ऐकत राहिले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

पुस्तक वाचनालयाचं होतं, पानं सुटायला आली होती. बाइंडरनं ते पक्कं बांधलं आणि मग नर्सबाईनं नेलं. मी सांगितलेलं पुस्तक कुणी घरी नेण्याची या दोन वर्षांतली ही पहिलीच वेळ. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. त्याला ती रोज वाचून दाखवते.

पुढच्या बैठकीत तिनं ते टेबलावर आपटलं. "बाइंडर, तुमच्या हातून फर्मा गळलाय. नावाडीण कुठंच नाही! नवरा रोज विचारतो, आली का गं ती? काय सांगू त्याला?"

फर्मा म्हणजे एकत्र घडी घालून शिवलेली सोळा पानं.

"पंचेचाळीस वर्षांत माझ्या हातून एक गळला नाही, बाई."

"मग काय पोहत गेली?" ड्रायव्हर म्हणाला.

बाइंडर माझ्याकडे वळला. "हेडबाई, तुम्ही वाचलंत तेव्हा होती ना ती?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "होती."

त्यानंतरच्या बैठकीला दाबयंत्र रिकामं होतं. टेबलावर त्याच पुस्तकाचे उसवलेले फर्मे पडले होते. बाइंडर म्हणाला, "वाचनालयाला सांगून आलो, दुसरा माणूस बघा. हात गेले माझे."

"फर्मा गळला नाही," मी म्हणाले. "नावाडीण माझ्या ताईची आहे. मला वाचता येत नाही. दोन वर्षं झाली."

ड्रायव्हर हसला, मग त्याचं हसू विरलं.

"दोन वर्षं?" नर्सबाई म्हणाली. "म्हणजे ते विहिरीतलं शहर? तो खुनी घड्याळजी?"

"तेही."

बाइंडर अगदी हळू म्हणाला, "पानांचे आकडे सलग होते. तीनदा मोजले. तरी तुम्ही म्हणालात, म्हणून मी स्वतःच्या हातांवर संशय घेतला."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"उद्या वाचनालयात जाऊन मीच सांगते."

"सांगा."

"आणि माझ्या नवऱ्याला?" नर्सबाई उठली. "तो वाट बघतोय. चला, आत्ताच. काय केलं तिनं पुढे ते तुमच्या तोंडानं सांगा त्याला. शेवटासकट."

आमच्या नियमामुळे मला शेवट कधी रचावा लागलाच नव्हता. ताईची गोष्टही भांडी संपली की तिथेच थांबायची.

मी काठी उचलली. बाइंडर सुईत दोरा ओवायला लागला होता. त्यानं वर पाहिलं का, ते मला दिसलं नाही.