चाटूनपुसून रिकामे ताट

मी एक जुने जाळीचे ताट आहे. एका मोडक्या चाळणीतून माझा जन्म झाला; पोटाला बारीक भोके, कडेला चार दोऱ्या. पण मित्रांनो, काम मिळाले ते मोठ्या विश्वासाचे.

दोघा भावांच्या मासे पाळायच्या तळ्यावर थोरला, ज्याला सगळे दादा म्हणत, रोज सकाळी माझ्यात मूठभर खाद्य घालून मला पाण्यात सोडी. तासाने वर ओढी. दाणे उरले तर उद्या खाद्य कमी, संपले तर थोडे जास्त. पण आधी तो दाणा हुंगे, दाताखाली फोडून पाही. मग एखादा मासा हाती घेऊन त्याच्या पोटावरून अंगठा फिरवी. ठिपकी नावाची म्हातारी मासळी तर आपणहून त्याच्या तळहातावर येई.

"देव पोटाला देतो," तो म्हणे, "पण आपल्या हातून."

मग दादाचा पाय मोडला आणि तळे धाकट्याकडे आले. त्याने स्वस्तात मिळालेले जुने खाद्य आणून पोती ओल्या फरशीवर रचली. दादाच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, एक पोते उघडले. आत हिरवट बुरशी, नाकाला खवट वास. तिने हटकले तर दीर हसला, "वहिनी, मासे काय नाक मुरडणार आहेत?"

ते दाणे पाण्यात पडताच पीठ झाले आणि माझ्या भोकांतून गाळात गेले. ठिपकी आली, तोंडात घेऊन थुंकली. पुन्हा आली. शेवटी भुकेने गिळू लागली. मी मात्र रोज रिकामाच वर आलो.

धाकटा खाटेपाशी जाऊन सांगे, "दादा, ताट चाटूनपुसून साफ."

दादाचा चेहरा फुले. "मग वाढव की. भुकेल्याला मोजून देऊ नये."

असे दोन महिने चालले. मला जीभ नव्हती.

एका सकाळी तळे पांढऱ्या पोटांनी भरले. दादा कुबडी टेकत आला. त्याने मासे चिरले. काहींच्या पोटात दाणा नव्हता, काहींचे काळीज सुजून पिवळे पडले होते. त्याने मला पाण्याच्या बादलीत बुडवून माझ्यात तेच खाद्य टाकले. जरा वेळाने मला उचलले. मी रिकामा.

"बादलीत तर एकही मासा नाही," वहिनी हळूच म्हणाली.

धाकट्याने मान खाली घातली. दादा म्हणाला, "तू ताट पाहिलंस. मी तुझं ऐकलं. मासा कुणी पाहिला?"

तेवढ्यात काठाशी ठिपकी आली, सवयीने त्याच्या तळहातावर चढली. त्याने अंगठा फिरवला. काटाच लागला. ती तोंड उघडत, मिटत राहिली, आणि मग ते उघडेच राहिले.

मेलेले मासे पुरून खड्डा बुजवल्यावर धाकट्याने मला लाथ घातली. आता एक दोरी तुटलेला मी कुंपणाच्या खिळ्याला लटकतो आहे.

मित्रांनो, तुमच्या भरवशावर जगणारा कुणी असेल तर त्याला वाढण्याआधी अन्न हुंगा. रिकाम्या ताटावर भरवसा ठेवू नका, खाणाऱ्याच्या पोटावरून हात फिरवा. रोज फिरवा. उशीर झाला की तो हात फक्त हाडे मोजतो.