नितळ पाण्यातले तीन धातू

मित्रांनो, मी काचेची एक जुनी बरणी. छत्रपती संभाजीनगरातल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं. नवी होते तेव्हा विद्यार्थी मला जपून उचलत. मग प्लॅस्टिकचे कॅन आले. एक दिवस कुणाचा तरी कोपर लागून माझ्या काठाचा टवका उडाला आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. तिथं धुळीत किती वर्षं गेली, कोण जाणे.

मला बाहेर काढलं ते नीरजाने. ती तिथं संशोधन करत होती. तिने मला घासूनपुसून लख्ख केलं, पाणी भरलं आणि त्यात पाणपिसवा सोडल्या. मोहरीएवढे, सतत टुणटुण उड्या मारणारे जीव ते! पाण्यातलं विष माणसाआधी त्यांना बाधतं.

धातू किती घातक आहे, हे त्याच्या रासायनिक स्वभावावरून आधीच ओळखता यावं, असा नीरजाचा ध्यास होता. ती विद्यार्थ्यांना सांगायची, "आपल्या शरीरातल्या प्रथिनांत गंधक असतं. काही धातूंना गंधकाची भारी ओढ. ते तिथं चिकटले की प्रथिनाचं कामच थांबतं. हे अंदाज अचूक येऊ लागले, तर या मुक्या जिवांचे बळीही कमी द्यावे लागतील."

एकदा शेंद्र्याच्या कारखान्यांपलीकडच्या वस्तीवरून वच्छलाबाई आल्या. हातात पाण्याचा कॅन होता.

"ताई, आमच्या हिरीचं पाणी पास झालंय म्हणत्यात. मग घरोघर पोटं का बिघडायलीत? वरच्या अंगाला लोक भंगारातल्या बॅटऱ्या फोडत्यात, ते पाणी वढ्यात येतंय."

नीरजाने पाणी तपासून घेतलं. शिसं, कॅडमियम आणि पारा. तिन्ही होते, पण प्रत्येक जण मर्यादेच्या जेमतेम आत. मग ती आपल्या मार्गदर्शकांना, व्यंकटराव सरांना म्हणाली, "सर, हे तिघंही गंधकालाच चिकटणारे. एकेकटे मोजून कसं चालेल? त्यांचा मारा एकाच जागी होणार."

"हा अंदाज झाला, नीरजा. वस्तीला जवळ दुसरं पाणी नाही. विहीर बंद करायला लावलीस आणि चुकलीस तर?"

"तर घरोघर जाऊन माफी मागेन, सर. पण बरोबर असले आणि गप्प बसले तर?"

सरांनी चष्मा काढला, हळूहळू पुसला. "प्रयोग कर. पण त्यांना सांगायला प्रयोग संपायची वाट पाहू नकोस."

त्याच संध्याकाळी नीरजा वस्तीवर जाऊन पाण्याबद्दलची शंका सांगून आली. मग तीन नव्या बरण्यांत तिने एकेक धातू घातला आणि माझ्यात तिन्ही, विहिरीत होते तेवढेच. शेजारच्या बरण्यांत उड्या चालूच राहिल्या. माझ्यातल्या पाणपिसवा मात्र आठवडा सरता सरता मंदावल्या, आणि एकेक करून तळाशी बसल्या. मी पडले काच. मला त्यांना साधं थोपटताही आलं नाही. पाणी तसंच नितळ होतं.

नीरजाचा अंदाज खरा ठरला होता. तरी ती माझ्यासमोर मान खाली घालून बसली.

व्यंकटराव सर तो निकाल घेऊन स्वतः सरकारी कचेरीत खेटे घालत राहिले. विहिरीवर झाकण बसलं, टँकर सुरू झाला. वच्छलाबाई पुन्हा आल्या. पोटं सावरली होती, पण त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"ताई, आजवर पेलो त्याचं काय व्हईल?"

नीरजाने त्यांचा हात हातात घेतला. "सगळ्यांचं रक्त तपासून घेऊ, मावशी. दवाखान्यात मी तुमच्यासोबत येते."

मित्रांनो, मला पुन्हा कपाटामागे ठेवलं तरी माझी तक्रार नाही. पण बॅटरीचं पाणी ओढ्यात ओतताना कुणी दिसलं, तर त्याचा हात धरा. खाली कुठंतरी कुणीतरी घागर भरत असतं.