पंपघराची दुसरी चावी

आमचा नागसेन सुभेदार आहे. गेलं वर्षभर तो आफ्रिकेत, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होता. छावणी बंद करून परत यायचं ठरलं आणि सगळं आवरण्याचं, सोपवण्याचं नियोजन त्याच्या गळ्यात पडलं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तो मला याद्या वाचून दाखवायचा. कुठल्या गाड्या बंदराकडे, कुठले तंबू कुठल्या दिवशी उतरवायचे, जनरेटर कुणाच्या ताब्यात द्यायचा. निम्मं मला कळायचं नाही, पण पोरगा बापाला कौतुकाने सांगतोय म्हटल्यावर मी ऐकायचो.

निघायला बारा दिवस उरले तेव्हा मी विचारलं, छावणीच्या फाटकाबाहेरच्या नळाचं काय? आधीच्या तुकडीने उरल्यासुरल्या पाइपांतून तो बसवला होता आणि तिथल्या गावच्या बाया त्यावरच पाणी भरायच्या. नागसेन म्हणाला, तो कुठल्याच यादीत नाही. शेवटच्या दिवशी त्यांच्यातल्या फुराहा नावाच्या बाईला त्याच्या पंपाची चावी द्यायची, सही घ्यायची, झालं. पंप बंद पडला तर नदी पाच किलोमीटरवर आहेच.

माझं डोकं फिरलं. ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण नेमकं हेच मी करून बसलो होतो.

आमच्या मांडवगण फराट्याच्या पंपघराची चावी तेवीस वर्षं माझ्या कमरेला होती. ज्या गावात माझ्या आजीला विहिरीवर चढू देत नव्हते, त्या गावाला मी पाणी सोडायचो. ती चावी सोडवेना. निवृत्तीच्या दिवशी ग्रामपंचायतीने शाल-नारळ दिला, मी माझ्या जागी आलेल्या संपतच्या हातावर चावी टेकवली, सही घेतली आणि घरी आलो. मोटर सुरू केल्यावर मोठा व्हॉल्व्ह आधी पाव उघडायचा, पाइपातली हवा जाऊ द्यायची, मग पूर्ण उघडायचा. एवढं सांगायला जीभ झिजली नसती. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने व्हॉल्व्ह एकदम उघडला आणि पाइप फुटला. चार दिवस गाव कोरडं. माझी बायको ताईबाई मळ्यातल्या विहिरीवरून हंडे वाहत होती आणि मी ओट्यावर गप्प बसून होतो.

पाचव्या दिवशी संपत मोटारसायकल घेऊन दारात आला. "आबा, मला जमंना. चला, दाखवा," एवढंच म्हणाला. मी मागे बसलो आणि जाऊन दाखवलं. मी मुद्दाम सांगितलं नव्हतं हे त्याला कळलं होतं. ग्रामसभेत त्याने बोलणी खाल्ली, माझं नाव घेतलं नाही.

निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत जे ताईबाईलाही बोललो नव्हतो, ते त्या संध्याकाळी मी नागसेनला सांगितलं.

"चावी उद्याच दे तिला," मी म्हणालो. "रोज तिलाच चालवू दे. तू हात मागं बांधून हुबा ऱ्हा. चुकली तर तू हाईस तवर चुकू दे."

दुसऱ्या दिवशी साहेबांना भेटून त्याने नळ यादीत पहिल्या नंबरावर घातला. फुराहाने पहिल्या आठवड्यात वायसर घालवला, एकदा मोटर कोरडी चालवली, आणि दोन्ही वेळा दुरुस्तही तिनेच केलं. शेवटच्या दिवशी नागसेनने फोन तिच्याकडे वळवला. तिने व्हॉल्व्ह पाव उघडला, पाइपाला कान लावला, थांबली, मग पूर्ण फिरवला. बायांच्या कॅन भरू लागल्या. ती फोनकडे बघून काहीतरी म्हणाली. नागसेन म्हणाला, "आप्पा, तुमचे आभार मानतीय."

मला लाज वाटली. ते आभार खरं तर संपतला मिळायला हवे होते.

नागसेन परवा दौंडला उतरणार होता. त्याआधी मला एक काम उरकायचं होतं. पंपघराची दुसरी चावी मी तेव्हा दिलीच नव्हती, ट्रंकेत दडवली होती. ती घेऊन संपतकडे गेलो.

"ही तुझी हाय," मी म्हणालो. "आन् तुझं लई उपकार हायेत माझ्यावर."

त्याने चावी उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याच खिशात टाकली. "ऱ्हाऊ द्या, आबा. मी कवा आजारी पडलो तर गावाला पाणी कोण सोडंल?"

मग त्याने पंपघराचं दार उघडलं आणि बाजूला सरला. त्या सकाळी गावाला पाणी मी सोडलं. संपत शेजारी उभा होता, हात मागे बांधून.