भोकं पाडलेली घागर

झुंबरबाई कप विसळून आत आली, तर तिची घागर टेबलावर आडवी पडली होती आणि दिपमाला मॅडम तिच्या पोटात ड्रिल खुपसून बसल्या होत्या. खाली लाल भुकटीचा ढीग झाला होता. मॅडमनी डोळ्यांना गॉगल, अंगाला एप्रन असा सगळा थाट केला होता आणि भोकं पाडली होती ती मोठ्या हौसेनं, फुलाच्या आकारात.

"ओ मॅडम! थांबा, थांबा ना!" झुंबरबाई ओरडली. ड्रिलच्या घरघरीत कोण ऐकतंय? शेवटी तिनं भिंतीवरचं बटणच बंद केलं.

धुळ्यात देवपूरला स्नेहलताईंचा हा स्टुडिओ. रविवारी इथे हौशी मंडळी मातीत हात घालायला येतात. कुणी कप करतं, कुणी कुंडी, कुणी नुसताच चिखल करून फोटो काढून घरी जातं. त्यांच्यासाठी माती मळणं, भट्टी भरणं आणि मागून सगळी घाण पुसणं ही झुंबरबाईची कामं. सोनगीरहून ती रोज एसटीनं यायची. आजचा कार्यक्रम होता माठाचा लॅम्प. भाजलेल्या माठाला भोकं पाडायची, आत बल्ब सोडायचा, की भिंतीवर नक्षी पडते. बाजारातून आणलेले माठ तिनंच सकाळी फळीवर मांडले होते. तिची घागर त्यांच्या वरच्या फळीवर होती.

ही घागर चाकावरून उतरवली होती आधारनं, तिच्या नवऱ्यानं, गेल्या पौषात. पुरुषानं चाकावर गळा आणि जाड अंग काढायचं आणि घागर बायकोच्या हवाली करायची, ही त्यांच्या घरची रीत. बाईनं चाकाला शिवायचं नाही. तिनं एका हातानं आतून दगडी गोळा धरायचा, दुसऱ्या हातानं बाहेरून लाकडी थापी मारायची आणि घागरीचं पोट वाढवत न्यायचं. त्या दिवशी आधारनं घागर तिच्यापुढे ठेवली, छाती चोळत बाजेवर आडवा झाला आणि पुन्हा उठला नाही. ओल्या फडक्यात झाकलेली ती घागर झुंबरबाईनं भर सुतकात थापली. भावकीतल्या बायकांनी नावं ठेवली, ठेवू देत. माती वाळली असती तर थापी घेतली नसती.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. गेलेल्या माणसासाठी आखाजीला पाण्यानं घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवायचं, की त्याला पाणी पोचतं. ज्यानं जन्मभर गावाच्या पितरांना घागरी पुरवल्या, त्या माणसाची पहिली आखाजी. त्याला घागर भरायची ती त्याच्याच हातची, एवढंच झुंबरबाईनं मनाशी धरलं होतं. एका घागरीसाठी घरची भट्टी कोण पेटवणार? म्हणून स्नेहलताईला विचारून तिनं ती इथल्या भट्टीत भाजली.

"अक्का, बुडाशी नाव टाका बरं," स्नेहलताईनं तेव्हा सांगितलं होतं. "नाव नसलेली वस्तू स्टुडिओची समजतात इथे."

झुंबरबाई नुसती हसली होती. कुंभार कधी मडक्यावर नाव टाकतो का? आणि टाकायचं तरी कुणाचं? नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात तिच्या ओठांवर आलं नव्हतं, लेकीच्या नावानं 'ज्योतीना बाप' एवढंच; ते नाव काय सुईनं कोरायचं?

बटण बंद झालं तशी स्नेहलताई फोन कानाला तसाच धरून धावत आली.

"ताई, हाई ज्योतीना बापनी घागर शे! मी तुम्हले सांगेल व्हतं!"

"अरे देवा! अक्का, मी बाहेर होते हो."

"बाकीचे माठ अगदी मशीनमधून काढल्यासारखे होते," दिपमाला मॅडम गॉगल वर करत म्हणाल्या. "हिच्यावर थापीचे ठसे आहेत ना, किती गोड दिसतात! आणि खाली कुणाचं नावही नव्हतं. मी माझं टाकलं."

झुंबरबाईनं घागर उलटी केली. बुडावर काळ्या मार्करनं झोकदार 'दिपमाला' लिहिलं होतं, शेजारी एक बदाम काढला होता. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"आपण भोकं बुजवू, अक्का," स्नेहलताई घाईघाईनं म्हणाली. "मी एमसील लावते, वरून रंग देते. थेंब गळणार नाही."

"पितरले एमसील चोपडेल घागरनं पानी पाजू का मी?"

"मग फळीवरची हवी ती घ्या ना. शेवटी घागर ती घागर."

"त्या पोरीना कपना कान तुटना, तवय तुम्ही दिनभर तिनी समजूत काढी," झुंबरबाईचा आवाज चढला. "तवय नही म्हनात, कप तो कप म्हनीसन!"

टेबलाभोवतीची मंडळी आपापल्या माठांत डोकी घालून बसली. दिपमाला मॅडमनी घागरीकडे पाहिलं आणि विचारलं, "मग ही मी नेऊ की नको?" विचारलं ते स्नेहलताईला. घागर जिच्या हातात होती तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"मॅडमनी सकाळपासून मेहनत घेतलीय, अक्का," स्नेहलताई पुटपुटली.

मेहनत! झुंबरबाईनं एप्रन सोडला, त्यात घागर गुंडाळली, कडेवर घेतली आणि ती दाराबाहेर पडली. उद्या याल ना, असं मागून कुणीतरी विचारलं. तोवर ती एसटीच्या वाटेला लागली होती.

आखाजीला ज्योती पहूरहून माहेरी आली. येताना तिनं बाजारातून नवी घागर आणली होती. झुंबरबाईनं ती पाण्याच्या कोपऱ्यात ठेवून दिली आणि सारवलेल्या जागेवर आधारची घागर मांडली. बूड तिनं राखेनं घासून काढलं होतं. नाव गेलं होतं, बदामाची एक कड तेवढी राहिली होती.

"माय, हाई गळी," ज्योती म्हणाली. "ती बजारनी भरूत ना."

"तू वत. मी धरस."

झुंबरबाई उकिडवी बसली आणि दोन्ही तळवे तिनं घागरीच्या पोटावर, भोकांवर दाबून धरले. ज्योतीनं हंडा कलता केला. पाणी भोकांपर्यंत चढलं आणि बोटांमधून बाहेर आलं, मनगटांवरून ओघळलं, तिचं लुगडं भिजलं. दोन तळव्यांनी सगळी भोकं झाकली जात नव्हती. डांगर बाजूला तसंच राहिलं होतं.

ज्योतीचा हात थांबला. घागर भरताना गेलेल्याचं नाव घ्यायचं असतं, आणि आई बापाचं नाव घेत नाही हे तिला ठाऊक होतं. "नानानं नाव मी लेऊ का?"

"नही." झुंबरबाईनं पदर खांद्यावर सारखा करायलाही हात उचलला नाही. ती मोठ्यानं, शेजारच्या घरात ऐकू जाईल अशी म्हणाली, "हाई घागर आधारनी शे."

आईच्या तोंडून हे नाव ज्योतीनं पहिल्यांदाच ऐकलं.

"वत," झुंबरबाई म्हणाली. ज्योतीनं दुसरा हंडा उचलला.