पाचव्या डावात उठलेला माणूस

या, जरा जवळ सरकून बसा. हा पुठ्ठ्याचा पंखा घ्या. मिसिसिपीच्या या डेल्टात मे महिन्याचा उकाडा सकाळी नऊलाच अंगाला चिकटतो, आणि पास्टर उभे राहायला अजून अर्धा तास आहे. तेवढ्यात एका पोराची गोष्ट सांगतो. सुरुवात ऐकलीत तर शेवटपर्यंत बसावं लागेल, एवढं मात्र आत्ताच सांगून ठेवतो.

मी लिएंडर परिफॉय. जॅक्सनच्या आमच्या चर्चमध्ये मी डीकन आहे, म्हणजे पास्टरांच्या हाताखालचा सेवक, पण दर रविवारी दीड तास गाडी हाकत इथं येतो. पहिल्यांदा आलो तो इथल्या पास्टरांचं प्रवचन ऐकायला. ते आधी साधं बोलतात, घरात बोलावं तसं. मग बोलणं लयीत शिरतं, श्वास तालावर पडायला लागतो, ऑर्गनवरची सिस्टर, चर्चमधल्या बायकांना आम्ही असंच म्हणतो, प्रत्येक वाक्याखाली सूर धरते, आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते आपल्याला कळतही नाही. असं प्रवचन ऐकायला मी याहून लांबही गेलो असतो. पण आता येतो त्याचं कारण वेगळं आहे.

सत्तावीस वर्षं मी एका बेसबॉल क्लबसाठी पोरं हेरली. कॉलेजांची मैदानं पालथी घालायची, प्रत्येक पोराच्या पायांना, फेकीला, बॅटीला आकडा द्यायचा, वीसपासून ऐंशीपर्यंत. पन्नास म्हणजे मोठ्या मैदानात खपून जाईल असा. सत्तर मी फार हात राखून देत असे. मग जूनमध्ये ड्राफ्ट होतो, सगळे क्लब पाळीपाळीने पोरं निवडतात, आणि आमचं वर्षभराचं म्हणणं खरं की खोटं ते ठरतं. माझं म्हणणं क्लबनं कधी फारसं मनावर घेतलं नव्हतं. माझी पोरं निवडली जायची ती शेवटी शेवटी, जेवणानंतर उरलेलं वाढावं तशी.

त्या वर्षी मार्चमध्ये इथल्या लहानशा कॉलेजात मी कॉर्डेल गेटवुडला पाहिलं. सेंटर फील्डला, मैदानाच्या पार मागच्या भिंतीपुढं, उभा होता. बॅटीचा आवाज झाला आणि पोरानं चेंडूकडे चक्क पाठ फिरवली. मान खाली घालून पळत सुटला. मी म्हटलं, चुकला. पण तो थांबला, वळला, आणि चेंडू येऊन त्याच्या हातमोज्यात बसला. तिथूनच त्यानं तो थेट बॅटवाल्याच्या जागेपर्यंत फेकला, टप्पा न पडता. माझ्या शेजारी बसलेले एक आजोबा शेंगा सोलत म्हणाले, "दर शनिवारी असंच करतो. आम्ही आता टाळ्या वाजवणं सोडलंय."

त्या संध्याकाळी मी लिहिलं: पाय सत्तर, फेक सत्तर, बॅट आज पंचेचाळीस, तीन वर्षांत साठ. आणि खाली एक ओळ: भिंतीचा अंदाज उत्तम, दोन पावलं आधी आवरतो.

आता आमच्या धंद्याची रीत ऐका. पोरगा आवडला की तो आवडलाय हे कुणाला कळू द्यायचं नाही. दुसऱ्या क्लबच्या माणसाला वास लागला तर तो आधी उचलणार. म्हणून पळण्याची वेळ मोजायचं घड्याळ खिशातल्या खिशात अंगठ्यानं दाबायचं, त्याच्या आईबापांशी बोलायचं नाही, आणि नऊपैकी पाचव्याच डावात जांभई देऊन, टोपी डोक्यावर ठेवून, सगळ्यांच्या देखत निघून जायचं. मी त्यात वस्ताद होतो. कॉर्डेलला पाहायला सहा वेळा आलो आणि सहाही वेळा पाचव्या डावात उठलो.

दुसऱ्या एका क्लबचा रस्टी क्लेबर्न माझ्या मागावर असायचाच. तीन वेळा त्यानं विचारलं.

"लिएंडर, तो सेंटर फील्डवाला कोण रे?"

"कोण? तो होय. पळतो बरा. बॅट पोकळ आहे."

"मग एवढ्या लांब आलास कशाला? इथल्या तळलेल्या माशासाठी?"

"माशासाठीच. तूही खा, नाहीतरी तुला पोरं कुठं ओळखता येतात."

तो हसला. तीनही वेळा मी असंच काहीतरी म्हणालो.

एप्रिलमध्ये इथं उपासनेला आलो तेव्हा व्हर्लीन गेटवुड, म्हणजे कॉर्डेलची आई, दारातच उभी होती. पांढऱ्या हातमोज्यांत, लोकांना जागा दाखवत. तिनं मला ओळखलं.

"डीकन, तुम्ही ते टोपीवाले ना? पाचव्या डावात घरी जाणारे."

"कामं असतात, सिस्टर."

"माझा मुलगा तुमची टोपी बघत असतो. उठली की म्हणतो, आई, आज पण नाही आवडलो. त्याचं नेमकं काय कमी पडतंय, तेवढं सांगाल? मी कुणाजवळ बोलणार नाही."

चार शब्दांचं काम होतं. काही कमी पडत नाही, सिस्टर, एवढंच. पण माझ्या मनात आलं, ही बाई आनंदानं बहिणीला सांगेल, बहीण शेजारणीला, आणि संध्याकाळपर्यंत रस्टीच्या कानावर जाईल. मी म्हणालो, "अजून बघतोय."

"बघा बाबा," ती म्हणाली, आणि मला पुढच्या बाकावर नेऊन बसवलं.

त्या दिवशी पास्टरांनी त्या शिष्याची कथा लावली होती, शेकोटीपाशी हात शेकत बसलेला आणि आपल्या गुरूला मी ओळखत नाही असं तीनदा म्हणालेला, आणि कोंबडा आरवल्यावर रडू फुटलेला. पास्टरांचा आवाज कोंबड्याच्या आरवण्याशी पोचला तेव्हा सगळं चर्च उभं होतं. मी ढसाढसा रडलो. रुमाल भिजला. आणि डोळे पुसून, मन हलकं करून, जॅक्सनला परत गेलो. ती कथा कुणाची आहे याचा विचारही मला शिवला नाही.

मे महिन्यातला शेवटचा सामना. आदल्या दिवशी क्लबच्या वरिष्ठांचा फोन आला होता: तिसऱ्या फेरीत तुझ्या गेटवुडला घेतोय. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे माझं काम संपलं होतं, मी नुसता डोळे भरून बघायला आलो होतो. पण रस्टी चार रांगा पुढं बसला होता. पाचवा डाव आला, आणि अंगवळणी पडलेलं सुटत नाही. मी जांभई दिली, टोपी डोक्यावर ठेवली, उठलो.

फाटकापाशी पोचलो तेव्हा पाठीमागं बॅटीचा आवाज झाला. चेंडू भिंतीकडे चालला असावा, कारण लोक उभे राहिले. मग दुसरा आवाज आला. इथली भिंत सिमेंटच्या ठोकळ्यांची, तिला गादी नाही. मी धावलो. कॉर्डेल भिंतीच्या पायथ्याशी पडला होता, उजवा खांदा असा वळला होता की बघवेना. डाव्या हातातल्या मोज्यात चेंडू होता. तो त्यानं सोडला नव्हता.

स्ट्रेचरवर त्यानं मला पाहिलं. ओठ पांढरे पडले होते.

"सर, झेल पाहिलात ना? की निघाला होतात?"

"पाहिला, बाळा," मी म्हणालो.

मी पाहिला नव्हता. माझी पाठ होती.

खांद्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, रोजची कामं करेल. क्लबनं त्याचं नाव खोडलं, दुसऱ्या कुणी लिहिलं नाही. ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी मी माझा अहवाल घेऊन इस्पितळात गेलो. कॉर्डेल झोपला होता. व्हर्लीनबाईंनी व्हरांड्यात उभं राहून तो वाचला, चष्मा न लावता, कागद लांब धरून.

"सत्तर म्हणजे किती हो?"

"सत्तावीस वर्षांत असे तीन हात पाहिले, सिस्टर."

"आणि ही मार्चची तारीख आहे."

"हो."

तिनं तारखेवर बोट ठेवलं. "मग मी विचारलं तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"दुसऱ्या क्लबनं नेला असता."

"नेला असता तर गेला असता ना, डीकन," ती हळूच म्हणाली. "कुणीही नेला असता."

 

मी म्हणालो, त्याला मी स्वतः सांगतो. तिनं कागदाच्या चार घड्या केल्या आणि पर्समध्ये ठेवला. "नाही. आपण आवडलो नाही म्हणून धडक दिली, असं त्याला वाटतंय. त्याची गरजच नव्हती हे कळलं तर खांद्यापेक्षा मोठं काहीतरी मोडेल. तुम्ही ते एकटेच सांभाळा."

तेव्हापासून सांभाळतोय. तो माशांच्या कारखान्यात देखरेखीला आहे, लग्न झालंय, दोन मुली आहेत. मला भेटला की डावा हात पुढं करतो आणि म्हणतो, "सर, तो झेल मात्र मस्त होता, नाही?" मी हो म्हणतो. दर रविवारी.

आता ऑर्गन सुरू झालंय, मला गप्प बसलं पाहिजे. तो बघा, खिडकीकडून दुसरा बाक, निळा शर्ट. पास्टरांचं बोलणं गाण्यात शिरेल तेव्हा सगळं चर्च दोन्ही हात वर करील. त्याचा एकच वर जाईल. दुसरा छातीपर्यंत येतो आणि थांबतो. त्याच्याशी यातलं काही बोलू नका. फक्त तुमचे हात वर जातील तेव्हा त्याची आठवण ठेवा. कॉर्डेल गेटवुड. पाय सत्तर, फेक सत्तर. देवापुढं त्याचं नाव घ्या. माझं नाही घेतलंत तरी चालेल.